रिकामा निरोप

गेल्या हिवाळ्यात एका रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठले, तर वरच्या खोलीतला दिवा चालू होता. भाचा लॅपटॉपसमोर बसला होता. अंगावर शाल, बाजूला गार झालेला चहा, आणि चेहरा असा की जणू परीक्षेत पहिलाच प्रश्न अडला आहे. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "खाला, निरोप पोचतोय. पण रिकामा पोचतोय."

मी उर्दू आणि मराठी शिकवते. शब्द कानावर पडला की आधी त्याच्याशी खेळण्याची सवय. 'रिकामा निरोप' ही जोडी मला क्षणभर आवडली आणि मग त्याचा चेहरा पाहून स्वतःचीच लाज वाटली. त्याच्या हाताखालून गेलेल्या एका ओळीमुळे त्या रात्री गाड्या उभ्या राहिल्या होत्या.

आमची वाडी ज्यांनी पाहिली असेल त्यांना गाड्या उभ्या राहणं म्हणजे काय ते सांगायला नको. नागपूर संपता संपता अमरावती रस्त्याला लागून असलेलं हे गाव. शेजारी अंबाझरीची आयुध निर्माणी आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना ट्रान्सपोर्टची गोडाऊनं. देशाच्या चारही दिशांचे रस्ते नागपुरात एकमेकांना छेदतात, म्हणून माल इथे उतरतो, वाटला जातो आणि पुढे निघतो. माझे अब्बा याच गोडाऊनांपैकी एकात तीस वर्षं बिल्टी लिहीत होते. भाचा बारावीपासून आमच्याकडे राहतो, इंजिनिअर झाला आणि आता एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. योगायोग असा की त्याच्या कंपनीचं गिऱ्हाईकही एक मालवाहतूकदार. नानांनी हाताने केलेलं काम नातू कीबोर्डवर करतो, असं आम्ही घरात गमतीने म्हणायचो. त्या रात्रीनंतर ती गंमत राहिली नाही.

आधी काम काय ते सांगते. मला ते त्याने जसं समजावलं तसंच.

एखाद्या कारखान्याला माल पाठवायचा असतो. त्याचा कॉम्प्युटर ऑर्डर पाठवतो. ती गोडाऊनला हवी असते, हिशेबाच्या विभागाला हवी असते, ड्रायव्हरच्या मोबाइललाही हवी असते. प्रत्येकाची भाषा वेगळी, रचना वेगळी, वेळ वेगळी. या सगळ्यांच्या मधोमध एक प्रोग्राम बसलेला असतो. तो निरोप घेतो, उघडून पाहतो, कुणाकडे जायचा ते ठरवतो, गरज असेल तर रूप बदलतो आणि पुढे देतो. याला मेसेज राउटिंग म्हणतात. पोस्टाच्या सॉर्टिंग ऑफिससारखंच.

भाचा ज्यावर काम करतो त्या सॉफ्टवेअरचं नाव अपाची कॅमल. म्हणजे उंटच. २००७ सालापासूनचं आहे, कुणालाही फुकट वापरता येतं, आतला कोडही उघडा आहे. त्याच्या मुळाशी एक पुस्तक आहे. ग्रेगर होप आणि बॉबी वुल्फ या दोघांनी २००३ मध्ये निरोपांच्या वाहतुकीच्या ६५ रचना त्यात मांडल्या. निरोप फोडणारा, तुकडे जोडणारा, मजकूर पाहून वाट ठरवणारा, वाटेत गुपचूप एक प्रत काढून घेणारा, अशा प्रत्येकाला नाव दिलं. कॅमलने त्या रचना तयार अवजारांसारख्या हाताशी ठेवल्या. बोजा उचलून ठरल्या वाटेने नेणारा म्हणून उंट हे नाव मला पटतं. वर्गात मी मुलांना नेहमी सांगते की उंटाच्या मदारीत पाणी नसतं, चरबी असते, म्हणजे अडीअडचणीसाठी बांधून ठेवलेली शिदोरी. पुढे कळेल की भाच्याच्या उंटाचं सगळं दुखणं या शिदोरीचंच होतं.

झालं असं. एका कारखान्याची तक्रार होती की आम्ही पाठवतो एक आणि तुमच्याकडे दिसतं भलतंच. वरिष्ठांनी भाच्याला सांगितलं, आलेला प्रत्येक निरोप जसाच्या तसा नोंदवहीत उतरवून ठेव, म्हणजे खरं-खोटं करता येईल. प्रोग्रामच्या या नोंदवहीला लॉग म्हणतात. त्याने एक ओळ घातली. निरोप आला की त्याचा मजकूर लॉगमध्ये लिही, मग पुढे जाऊ दे. एकच ओळ, तीही फक्त वाचणारी. ती काही बदलत नव्हती की पुसत नव्हती. त्याने ती तपासून पाहिली, सगळं ठीक चाललं. संध्याकाळी ती ओळ खऱ्या यंत्रणेवर चढली.

रात्री साडेदहाच्या सुमाराला गोडाऊनमधून फोन आला. पडद्यावर ऑर्डर दिसतात, पण आत काहीच नाही. मालाची यादी नाही, पत्ता नाही. हमाल बसून, गाड्या उभ्या.

पुढचे दोन तास कसे गेले ते मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलंय. कारण लॉग उघडून पाहिला तर तिथे प्रत्येक निरोप अक्षरन् अक्षर भरलेला होता. म्हणजे आमच्याकडे तर पूर्ण आला! मग भाच्याच्या गटाने गोडाऊनचा प्रोग्राम सांभाळणाऱ्या लोकांना धरलं. निरोप तुमच्याकडे येऊन हरवतोय, तुमचा प्रोग्राम तो फेकून देतोय. ते बिचारे शपथेवर सांगत होते की आमच्या दारात येतो तेव्हाच तो रिकामा असतो. त्यांचं कुणी ऐकलं नाही. ज्याच्या हातात रिकामं पाकीट सापडतं, चोर तोच ठरतो.

दोन वाजता, मी जिन्यात उभी असताना, भाच्याला उलगडा झाला होता. निरोप हरवला नव्हता. तो वाचला गेला होता. आणि वाचणारी होती त्याची स्वतःची ओळ.

मला काही कळेना. मी म्हटलं, वाचल्याने मजकूर कसा संपेल? पुस्तक वाचल्याने कोरं होतं का?

"पुस्तक नाही खाला, नळ समजा."

जाळ्यावरून येणारा मजकूर प्रोग्रामच्या हातात पुस्तकासारखा पडत नाही. तो धारेसारखा येतो. त्याला स्ट्रीम म्हणतात. पुढचा थेंब आला की मागचा गेला. मोठमोठे निरोप अख्खे मेमरीत घेऊन बसायचं तर मेमरी पुरणार नाही, म्हणून ही सोय. एका बाजूने आत घ्यायचा, दुसऱ्या बाजूने सोडायचा. सोय चांगली आहे, पण तिची अट एकच: धार एकदाच वाहते. नळाला पाणी आलं आणि कुणी पाणी स्वच्छ आहे की गढूळ ते बघायला सगळी धार आपल्याच बादलीत घेतली, तर त्याच्या मागे कळशी घेऊन उभी असलेली बाई रिकामीच परत जाईल. लॉगच्या ओळीने तेच केलं होतं. बघण्याच्या नादात सगळं पिऊन टाकलं आणि पुढच्याला कोरडा नळ दिला.

मग तपासताना कसं चाललं? तेही साधं निघालं. तपासताना त्याने हाताने टाइप केलेला मजकूर वापरला होता. तो आधीच मेमरीत बसलेला, म्हणजे पुस्तकच, दहा वेळा वाचा. खरे निरोप जाळ्यावरून येत होते, धारेने. परीक्षा पुस्तकाची घेतली आणि काम नळावर पडलं.

एक गोष्ट मात्र नशिबाची. ज्या ओळीने निरोप प्यायले, तिनेच ते लॉगमध्ये उतरवूनही ठेवले होते. भाचा आणि त्याचा एक सहकारी पहाटेपर्यंत लॉगमधून एकेक निरोप काढून परत पाठवत बसले. फजरच्या अजानच्या वेळी शेवटची गाडी हलल्याचा फोन आला.

सकाळी अब्बा चहाला बसले तेव्हा भाच्याचे डोळे लाल. काय झालं म्हणून विचारल्यावर त्याने दोन वाक्यांत सांगितलं, आणि शेवटी म्हणाला की आता कॅश चालू करावी लागेल. अब्बांनी कप खाली ठेवला. "कितनी कॅश गई?"

हसू आवरून आम्ही सांगितलं की ही नोटांची कॅश नाही. ही म्हणजे ठेवणीतली प्रत. अब्बांनी थोडा विचार केला आणि जे म्हणाले ते ऐकून भाचा नानांकडे बघतच राहिला.

"मतलब कार्बन नहीं लगाया था. और बेटा, कार्बन लिखने से पहले लगता है. बाद में नहीं."

नव्या वाचकांसाठी सांगते. बिल्टी म्हणजे मालाची पावती, लॉरी रिसीट. माल पाठवणाऱ्याची एक प्रत, घेणाऱ्याची एक, गाडीबरोबर जाणारी एक, ऑफिसात राहणारी एक. अब्बांच्या काळात त्या एकाच दाबात लिहिल्या जायच्या. मध्ये निळे कार्बन, वर बॉलपेन, आणि मनगटात जोर इतका की चौथ्या पानावरही 'हिंगणघाट' वाचता आलं पाहिजे. त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर आजही त्याचा घट्टा आहे. आता हे सगळं पडद्यावर होतं. १ एप्रिल २०१८ पासून ५० हजारांच्या वरचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायचा तर ई-वे बिल लागतं, तेही कॉम्प्युटरवरच निघतं. पण अब्बा म्हणाले तो नियम बदललेला नाही. पेन टेकण्याआधी कार्बन जागेवर पाहिजे. लिहून झाल्यावर कितीही कार्बन सरकवा, दुसरी प्रत उमटत नाही.

कॅमलमधली सोय नेमकी हीच आहे. तिचं नाव स्ट्रीम कॅशिंग. ती चालू असली की धारेने आलेला निरोप पहिल्या वाचणाऱ्याच्या हातात पडण्याआधीच साठवला जातो. एकाने वाचला की वाचनाची खूण पुन्हा पहिल्या अक्षरावर नेऊन ठेवायची. दुसरा येईल, त्याला पहिल्यापासून मिळेल. तिसऱ्यालाही.

साठवायचा कुठे? लहान निरोप मेमरीत. मोठा असेल तर डिस्कवर तात्पुरती फाइल करून, अर्थात तशी परवानगी दिली असेल तर. लहान-मोठ्याची सीमा मुळात १२८ केबी आहे, ती बदलता येते. हा आकडा ऐकून माझ्यातली भाषाशिक्षिका जागी झाली. कॉम्प्युटरच्या नेहमीच्या लिखावटीत देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं आणि उर्दूचं दोन. म्हणजे त्या सीमेत मराठीची सुमारे ४३ हजार चिन्हं मावतील आणि उर्दूची ६५ हजार. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, खाला, तुम्ही यात पण तेच शोधलंत.

निरोपाचा प्रवास संपला की ती तात्पुरती फाइल पुसली जाते. हेही महत्त्वाचं. प्रत ठेवणं फुकट नाही. मेमरी लागते, डिस्क लागते, वेळ लागतो. शिवाय कुणाच्या निरोपाची प्रत आपल्या घरात पडून राहिली तर ती जोखीमही असते. म्हणून डिस्कवरची प्रत कुलूपबंद अक्षरांत ठेवण्याचीही सोय कॅमलने दिली आहे. काम होईपर्यंत सांभाळा, काम झालं की मोकळं करा. अमानत म्हणजे दुसरं काय?

आता माझा प्रश्न असा होता की इतकी शहाणी सोय आहे तर ती बंद का होती? उत्तर विचार करायला लावणारं आहे. कित्येक वर्षं कॅमलमध्ये ही सोय मुळात बंदच असायची. ज्याला हवी त्याने चालू करायची. कारणही खोटं नव्हतं. निरोप न उघडता नुसता या हातातून त्या हातात द्यायचा असेल तर प्रत ठेवण्याचा खर्च कशाला? पण लोक उघडायचे आणि फसायचे. 'माझा निरोप रिकामा का येतो' हा प्रश्न इतक्यांना पडला की कॅमलच्या अधिकृत मदतपानांत त्याला स्वतंत्र जागा मिळाली. शेवटी २०२२ मध्ये, ३.१७ या आवृत्तीपासून, ही सोय मुळातच चालू ठेवायचं ठरलं. ज्याला नको त्याने बंद करावी. भाच्याच्या कंपनीतली यंत्रणा त्याच्या आधीच्या आवृत्तीवर चालत होती, म्हणून तो खड्ड्यात पडला.

वरवर पाहता बदल छोटा आहे. आधी 'बंद' होतं, आता 'चालू'. पण त्यामागे एक कबुली आहे. आधी नियम असा होता की ज्याला माहीत नाही तो बुडेल. आता नियम असा झाला की ज्याला माहीत नाही तो वाचेल. ज्याला पुरतं माहीत आहे त्याने हवं तर आपल्या जबाबदारीवर वेग वाढवावा. आपण कुणाच्या बाजूने नियम करतो, त्यावरून आपण कोण ते कळतं. हे वाक्य त्या सकाळी माझ्या मनात आलं आणि तिथेच अडकलं. कारण माझ्या वर्गातही एक नियम होता, आणि तो मी केला होता.

पण त्याआधी अब्बांचं राहिलं. कार्बनचं बोलून झाल्यावर ते गप्प बसले. मग चहाच्या दुसऱ्या कपाला त्यांनी एक गोष्ट सांगितली. आम्ही ती कधी ऐकली नव्हती. एका पावसाळ्यात कार्बन संपले होते आणि गाडी निघायची घाई. त्यांनी एकच प्रत लिहिली. बाकीच्या सकाळी लिहू म्हणाले. ड्रायव्हर ती एकुलती एक प्रत घेऊन निघाला. वाटेतल्या एका नाक्यावर ती बघायला म्हणून घेतली गेली आणि परत मिळालीच नाही. माल ठिकाणावर पोचला, कागद नाही. घेणाऱ्याने माल उतरवू दिला नाही. मालकाने ड्रायव्हरला कामावरून काढलं, कागद हरवला म्हणून. अब्बा त्या वेळी काउंटरवरच बसले होते. बोलले नाहीत. घरात आम्ही चार भावंडं होतो, महिना अखेरीचा होता.

"उसके हाथ में नहीं था, तो सबने उसी को पकड़ा," एवढंच म्हणाले.

त्यानंतर त्यांनी स्वतःची एक वही ठेवायला सुरुवात केली. प्रत्येक बिल्टीची नोंद, रोज, उर्दूत. त्या वह्या अजून लोखंडी पेटीत आहेत. उजवीकडून डावीकडे लिहिलेली वरोरा, पुसद, अचलपूर, मूर्तिजापूर. आम्हाला वाटायचं अब्बांना टापटिपीची हौस आहे. ती हौस नव्हती.

आता माझा नियम.

आमच्या शाळेत मुलं उर्दू माध्यमातून शिकतात, मराठी हा सक्तीचा विषय. घरात बोलतात नागपुरी हिंदी-उर्दू. मी श्रुतलेखन घेते, उर्दूत आम्ही त्याला इमला म्हणतो. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून माझा बाणा होता: मी एकदाच सांगणार. कान उघडे ठेवा. बी.एड.ला असताना आम्हाला एका शिक्षकांनी असंच घडवलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. लक्ष देण्याची सवय लागते, असं मी म्हणायची. माझा वर्ग गप्प असायचा, मुख्याध्यापक कौतुक करायचे.

दहा वर्षांपूर्वी आठवीत एक मुलगी होती. शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची. तिच्या श्रुतलेखनाच्या वहीत प्रत्येक ओळीत दोन-तीन शब्द असायचे आणि पुढे कोरं. पुन्हा पुढच्या ओळीत दोन शब्द आणि कोरं. मी लाल शाईने लिहायची: लक्ष नाही. एकदा सगळ्या वर्गासमोर वही उंच धरून मी म्हटलं, ही बघा रिकामी वही. वर्ग हसला. ती हसली नाही आणि रडलीही नाही. खाली बघत राहिली.

तिची आई एकदा भेटायला आली होती. म्हणाली, मॅडम, घरी तर ही शाळेतला सगळा धडा सांगते. मी सांगितलं, घरी सांगून काय उपयोग, वहीत उतरलं पाहिजे.

त्या सकाळी, नळाची आणि कळशीची गोष्ट ऐकताना, मला ती वही दिसली. ओळीच्या सुरुवातीचे शब्द बरोबर होते. मात्रा-वेलांट्यांसकट बरोबर. जिचं लक्ष नाही तिचे पहिले शब्द बरोबर कसे असतील?

मी वाक्य बोलायची. ते धारेने यायचं. तिला ते आधी ऐकायचं होतं, मग मनात आपल्या बोलीत आणून समजून घ्यायचं होतं, मग उर्दूत नसलेला 'ळ' आणि तिच्या जिभेवर न बसणारा 'ण' ओळखायचा होता, वेलांटी पहिली की दुसरी ते ठरवायचं होतं, जोडाक्षर कुठून मोडायचं ते आठवायचं होतं. एवढं करून उजवीकडून लिहिण्याची सवय असलेल्या हाताने डावीकडून लिहायचं होतं. दोन शब्द होईपर्यंत माझं वाक्य संपलेलं असायचं आणि दुसरं सुरू. धार गेली ती गेली. बी.एड.च्या मानसशास्त्राच्या पेपरात मी स्वतः लिहिलं होतं की जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये मांडलं, माणसाच्या तात्पुरत्या स्मरणात एका वेळी सुमारे सात गोष्टी मावतात, दोन इकडे-तिकडे. चांगले गुणही मिळाले होते. पण मातृभाषेतला शब्द ही एक गोष्ट असते आणि परक्या भाषेतला तोच शब्द फुटून चार गोष्टी होतात, हे मला माझ्याच वर्गात दिसलं नाही. सात मावणाऱ्या जागेत तिच्या दोन शब्दांनीच गर्दी व्हायची.

मी परीक्षा घेत होते लक्षाची आणि मोजत होते भाषा. वही रिकामी होती, म्हणून मी वहीवालीला धरलं.

ती मुलगी नववीत शाळेत आली नाही. घरची परिस्थिती होती, इतरही कारणं असतील. सगळं माझ्या माथी घेणं हाही एक प्रकारचा गर्वच होईल. पण तिच्या निघून जाण्याच्या कारणांत माझी लाल शाई नव्हती असं मी म्हणू शकत नाही.

भाच्याचं पुढे काय झालं ते सांगते. त्याच्या मनात राजीनामा होता. अब्बांनी त्याला एकच विचारलं, दुसऱ्या गटाला रात्री काय काय बोललात? त्याने कंपनीला पाठवलेल्या अहवालात लिहिलं की ओळ माझी होती, तपासणी अपुरी होती, आणि गोडाऊनच्या प्रोग्रामचा काही दोष नव्हता. त्या गटाला वेगळं पत्र लिहून माफी मागितली. त्या वर्षी पगारवाढ कमी मिळाली. नोकरी टिकली. आता त्यांच्याकडे कुणीही नवा आला की भाचा त्याला पहिल्या दिवशी नळाची गोष्ट सांगतो, आणि तपासणी खऱ्या धारेवरच करायची हा नियम झाला आहे.

मी माझा नियम बदलला. आता वाक्य तीनदा वाचते. पहिल्यांदा पेन खाली ठेवून नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा तुकड्यातुकड्यांनी, लिहिण्यासाठी. तिसऱ्यांदा अख्खं, तपासण्यासाठी. वेळ जास्त लागतो, धडे मागे पडतात. अशाने मुलांना आळसाची सवय लागेल, असं एक सहकारी म्हणाल्या. मी वाद घातला नाही. सत्र संपत आलं की तीनाचं दोन करते, कारण शिदोरी आयुष्यभर पाठीवर वाहायची नसते हे मलाही कळतं. पण पहिल्या दिवशी ती बांधून द्यायची असते.

यंदा पाचवीत एक मुलगा आला. पहिल्या आठवड्यात त्याच्या वहीत प्रत्येक ओळीत दोन-तीन शब्द आणि पुढे कोरं. आडनाव पाहिलं आणि मी खुर्चीत बसले. तिचा धाकटा भाऊ.

पालकसभेला त्याची आई आली. केस पांढरे झालेत. मी तिला बाजूला घेतलं आणि दहा वर्षांपूर्वी जे सांगायला हवं होतं ते सांगितलं. तुमच्या मुलीचं लक्ष होतं. चूक माझी होती. मुलगी आता कुठे असते विचारलं. लग्न झालं, हिंगणा रस्त्याला राहते, एक मुलगी आहे म्हणाली. मी पुन्हा माफीचं काहीतरी बोलायला लागले.

तिने मला मध्येच थांबवलं. आवाजात राग नव्हता, घाई होती. बाहेर रिक्षा उभी होती.

"अब वो छोड़ो, मॅडम. इसको दो बार सुनाना."